मामांनी कापलेलं टेबल

माझे थोरले मामा फिटर होते. साबणाच्या कारखान्यातल्या दुरुस्ती खात्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. गल्लीत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘फिटरमामा’ म्हणायचे, त्यामुळे मामींची आपोआपच ‘फिटरमामी’ झाली होती आणि त्याचा त्यांना मनस्वी राग होता. “मी काय नटबोल्ट आवळते का?” असं म्हणायच्या, पण हाक आली की ओ द्यायच्या.

मामांचा डोळा भारी. भिंतीवरची तसबीर नखभर कललेली असली तरी त्यांना चैन पडायचं नाही. डुगडुगणारी वस्तू तर अजिबात खपायची नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची मागेपुढे हलवून बघणार, मग बसणार. ती लंगडी निघाली की संपलं. समोरचा काय बोलतोय याकडे लक्षच नाही. खिशातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढायचे, छोट्या कात्रीनं त्याची चकती कापायचे आणि खाली वाकून खुर्चीच्या पायाखाली सरकवायचे. दवाखान्यातला बाक त्यांनी आपला नंबर लागेपर्यंत ठीक करून टाकला होता. एकदा मागच्या गल्लीत कोणी वारलं म्हणून मामा-मामी भेटायला गेले, तर तिथला सोफा हलत होता. घरची माणसं डोळे पुसतायत आणि मामा सोफ्याखाली पालथे! मामी पायानं ढोसत होत्या, पण ऐकतो कोण? शेवटी हात झटकत वर आले आणि म्हणाले, “आता नाही हलायचा.” घरातल्या म्हातारीला रडता रडता हसू फुटलं.

लोक चेष्टा करायचे, पण मानायचेही. कोणाचं कपाट दार बंद केलं की आपोआप उघडायचं, कोणाच्या पलंगाचा कुरकुर आवाज यायचा, बोलवा फिटरमामांना. ते दारातूनच मान तिरकी करून बघायचे आणि सांगायचे, “डावीकडचा मागचा पाय.” तोच निघायचा. आम्हा मुलांना ती जादूच वाटायची. मी त्यांची भाची, आमचं घर त्याच गल्लीत, त्यामुळे शाळा सुटली की माझा मुक्काम मामांकडेच.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशा त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात परक्याचा हात लागलेला मामांना चालत नसे. रंग त्यांनी दिला, दारं त्यांनी बसवली. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा बाहेरच्या खोलीच्या खिडकीखालून जमीन फोडून नवा पाइप त्यांनीच टाकला आणि वर सिमेंटही स्वतःच भरलं. गवंड्याला बोलवा म्हणून मामी सांगून दमल्या. “गवंडी काय वेगळं करणार आहे? सिमेंटच कालवणार ना?” हे मामांचं उत्तर.

त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आमचा दादा. बापाच्या अगदी उलट. मामा बोलके, चारचौघांत रमणारे. दादाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे घट्ट बसलेलं झाकण उघडण्यासारखं. अभ्यासात बेताचा होता. मामांनी ठरवून टाकलं होतं की दहावी झाली की याला आपल्या कारखान्यात चिकटवायचं, लोखंडाचं काम शिकवायचं. पण दादाला लोखंडाची ओढच नव्हती. लाकूड दिसलं की मात्र तो त्यावरून हात फिरवायचा, वास घ्यायचा. फळकुटांपासून त्यानं मला बाहुलीचं कपाट करून दिलं होतं, आणि त्याची दारं लागायची. शेवटी मामींनी बाजू लावून धरली आणि तो तंत्रशाळेत सुतारकामाच्या वर्गाला गेला.

मामांना ते मनातून पटलं नव्हतं. “लाकडाचा काय भरवसा?” ते म्हणायचे. “आज सरळ, उद्या वाकडं. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आखडणार. लोखंड कसं, सांगाल तसं राहतं.” कोणी मुलाबद्दल विचारलं की म्हणायचे, “चिरंजीव रंधा मारतात.” म्हणायचे हसतच, पण दादा तिथे असला तर उठून आत जायचा.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक मोठी वस्तू एकट्यानं करायची होती. दादानं जेवणाचं टेबल करायला घेतलं. महिनोन्‌महिने तो त्यात बुडालेला होता. घरी यायचा तेव्हा केसांत भुसा, आणि चेहरा असा की कोणीतरी गुपचूप बक्षीस दिलंय. मामी विचारायच्या, “झालं का रे?” तो म्हणायचा, “घाई नको गं आई.” परीक्षा झाली. तपासायला आलेल्या माणसानं म्हणे टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला, टेबलाच्या कडेला थाप मारली आणि पेल्यातलं पाणी बघून नुसती मान डोलावली. दादाला चांगले गुण पडले. लाकडाची किंमत भरून वस्तू घरी न्यायची मुभा होती. एका शनिवारी टेम्पोतून ते टेबल गल्लीत उतरलं.

मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं. फार नक्षीदार वगैरे नव्हतं. साधं, चौघांचं, पाय खाली थोडे निमुळते होत गेलेले, कडा गोलसर, हात लागला तर टोचेल असं कुठेही काही नाही. तोवर घरात पत्र्याचं घडीचं टेबल होतं. मामींनी ते लगेच मिटून बाहेर ठेवलं आणि नवं टेबल खिडकीखाली मांडलं. उजेडात ते मधासारखं दिसत होतं. मामी त्यावरून हात फिरवत राहिल्या.

मामाही खूश होते, हे सांगायला हवं. पुढे जे झालं ते मत्सरानं किंवा दुष्टपणानं झालं नाही. खूश होते म्हणून तर त्यांनी दुसऱ्या दिवशी, रविवारी, कारखान्यातल्या दोस्तांना आणि फोरमनला चहाला बोलावलं. एरवी ‘रंधा मारतात’ म्हणणारा माणूस शनिवारी संध्याकाळी गल्लीभर सांगत होता, “या, या, आमच्या चिरंजिवांनी टेबल केलंय, बघायला या.”

रविवारी सगळे जमले. टेबलावर कपबशा, बिस्किटं. फोरमन म्हणजे मोठा माणूस, त्याला खिडकीकडची मानाची खुर्ची. तो बसला, त्यानं दोन्ही कोपरं टेबलावर टेकली, आणि टेबल त्याच्या बाजूनं झुकलं. फार नाही, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. पण कप भरलेले होते. चहा बशीत आला, बशीतून टेबलावर आणि तिथून थेट फोरमनच्या इस्त्रीच्या पँटवर.

घरोघरच्या खुर्च्या सरळ करत हिंडणाऱ्या फिटरमामांच्या घरात, त्यांच्याच मुलानं केलेलं टेबल हललं होतं. मामांचा चेहरा उतरला. मग ती शरम झाकायला ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “साहेब, माफ करा. आमच्या चिरंजिवांनी टेबल नाही, पाळणा केलाय!”

सगळे खो खो हसले. दादा स्वयंपाकघराच्या दारात चहाची किटली घेऊन उभा होता.

“शाळेत हलत नव्हतं, बाबा,” तो म्हणाला.

“म्हणजे आमच्या घरी येऊन बिघडलं?” मामा म्हणाले. पुन्हा हशा.

“नाही, तसं नाही. जरा फिरवून बघू या का? कदाचित जमीन…”

“आता जमिनीवर ढकल! अरे, या जमिनीवर इतकी वर्षं आम्ही राहतोय, आम्ही नाही कधी डुगडुगलो ते.”

दादानं किटली टेबलावर ठेवली आणि तो बाहेर निघून गेला. फोरमन भला माणूस होता. “जाऊ द्या हो, पोराचं पहिलंच काम आहे,” असं म्हणाला. पण त्या ‘जाऊ द्या’नं मामांना जास्तच लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी मामांनी रजा टाकली. दादा शाळेतलं प्रमाणपत्र आणायला गेला होता. मी शाळेतून आले तर बाहेरच्या खोलीत टेबल पालथं, चारी पाय वर, आणि मामा हातात करवत घेऊन एक डोळा मिटून बघतायत.

मामी म्हणत होत्या, “अहो, पोराला येऊ द्या. त्याचं तो बघेल.”

“त्याला जमलं असतं तर ही वेळ आली असती का?”

“मग ते तुमचं रबर लावा ना खाली. सगळ्या गावाला लावता.”

“रबर परक्यांच्या घरी. आपल्या घरात नव्या टेबलाला ठिगळ लावायचं? काम करायचं तर पक्कं करायचं.”

आणि त्यांनी एका पायाचं टोक कापलं. टेबल सरळ करून ठेवलं. ते हललं. उलट आधीपेक्षा जास्त. उचलून पालथं करताना आणि पुन्हा उभं करताना त्याचं तोंड फिरलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी दुसरा पाय कापला. पुन्हा सरळ, पुन्हा पालथं. मामा घामाघूम झाले होते. मशीनवर मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा हा माणूस रागाच्या भरात अंदाजानं करवत चालवत होता. तिसरा कापला, मग पुन्हा पहिला. मामी आत जाऊन बसल्या. जमिनीवर लाकडाच्या चकत्या पडल्या होत्या, गोल, पातळ, जणू काही कोणी काकडी चिरली असावी. शेवटी टेबल इतकं खाली आलं की खुर्ची आत सरकेना, बसलं की गुडघे फळीला लागायचे. आणि तरी ते हलतच होतं. मग मामांनी खिशातून ट्यूबचा तुकडा काढला आणि चकती कापून एका पायाखाली लावली. टेबल स्थिर झालं.

तेवढ्यात दादा आला. दारातच थांबला. त्यानं टेबल बघितलं, भुसा बघितला. मला वाटलं तो ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल. त्यानं तसलं काही केलं नाही. झाडू आणला, खोली झाडून काढली, भुसा आणि तुकडे सुपलीत भरून बाहेर टाकून आला.

“बघ, बसलं की नाही नीट?” मामा म्हणाले. त्यांचा आवाज जरा नरम होता. “एक पाय आखूड होता तुझा. होतं असं. शिकशील हळूहळू.”

“हो बाबा,” दादा म्हणाला.

त्याला एका फर्निचरच्या कारखान्यात जागा ठरली होती. तो गेलाच नाही. काही दिवस घरात बसून राहिला आणि मग एका मित्राच्या ओळखीनं मालवाहतुकीच्या कंपनीत बुकिंगचा कारकून म्हणून लागला. रंधे, पटाश्या, करवती पोत्यात बांधून माळ्यावर गेल्या आणि पुढे कधीतरी त्यानं त्या वर्गातल्याच एका मुलाला देऊन टाकल्या. का सोडलंस म्हणून मी विचारलं होतं. “नाही गं जमलं,” एवढंच म्हणाला. मामांनी याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. “शेवटी आला ताळ्यावर,” असं ते सांगत फिरले. “टेबलाखुर्चीवरची नोकरी मिळाली. लाकडात काय ठेवलं होतं?”

कंपनीनं दादाची बदली दुसऱ्या गावी केली. तिथेच त्याचं लग्न झालं, संसार झाला. तो सुट्टीला यायचा, आईवडिलांना हवं नको बघायचा, बोलण्यात कधी उणंदुणं नाही. पण घरात शिरला की त्या टेबलाशी कधी बसायचा नाही. ताट हातात घेऊन पायरीवर बसायचा. मामी ते टेबल पुढे आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागल्या. मामांनी हेही कधी मनाला लावून घेतलं नाही.

वर्षं गेली. मामा निवृत्त झाले. मामींचे हात दुखायला लागले, तेव्हा दादानं तिकडून कपडे धुण्याचं यंत्र पाठवून दिलं. पाणी आणि निचरा दोन्ही सोयीचं पडावं म्हणून ते खिडकीखालीच ठेवायचं ठरलं, जिथून मामांनी टाकलेला पाइप जात होता. यंत्र चालू झालं आणि पिळायच्या वेळी असं थडथडायला लागलं की स्वयंपाकघरातली भांडी वाजली. नाचत नाचत ते खिडकीपासून भिंतीच्या कडेला येऊन उभं राहिलं. मामी घाबरून दाराबाहेर.

मी त्या दिवशी तिथे होते. मामांना हुरूप आला. कितीतरी दिवसांनी आपल्या जोगं काम मिळालं. “यंत्र हललं की आधी यंत्राकडे बघायचं नाही,” ते मला शिकवायला लागले. “आधी त्याचा पाया बघायचा. कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो.” कपाटातून त्यांनी पाणसळ काढली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. यंत्र बाजूला केलं आणि गुडघ्यांवर बसून पट्टी जमिनीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. पट्टी थोडी सरकवली, तो दुसऱ्या टोकाला गेला. मग त्यांनी एक लांब सरळ फळी आडवी ठेवली आणि तिच्याखालून बोट घातलं. पाइपावर भरलेलं सिमेंट मध्येच खचलं होतं. बशीसारखा खळगा. दिसायला काही दिसत नव्हतं, पण बोट सहज आत जात होतं.

मामींनी डोकावून बघितलं. “तिथे तर पाणी साचतं पहिल्यापासून. जमीन पुसली की तेवढंच ओलं राहतं. किती वेळा सांगितलं तुम्हाला.”

“कधी सांगितलंस?”

“तुम्ही पाइप टाकलात तेव्हापासून सांगतेय. तुम्ही म्हणायचात, तुझंच पुसायचं नीट होत नाही.”

मामा तसेच गुडघ्यांवर बसून होते, बोट फळीखाली. मग त्यांनी विचारलं, “पाइप आधी टाकला की टेबल आधी आलं?”

मामींना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. “पाइप आधी,” त्या हळूच म्हणाल्या. “टेबलाच्या आदल्या वर्षी.”

मामा उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी टेबलावरचे कपडे पलंगावर टाकले आणि मला म्हणाले, “धर.” आम्ही दोघांनी टेबल पालथं केलं. कापलेल्या टोकांकडे बघण्यात अर्थ नव्हता, तिथे चारी पाय चार मापांचे होते. त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या आणला आणि पाय जिथे वरच्या चौकटीला मिळतात तिथे लावून बघितला. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. गुण्या आणि लाकूड यांच्यामध्ये कागद शिरेल एवढीही फट नव्हती. इतकी वर्षं, इतके पावसाळे, आणि सांधे हलले नव्हते.

“पोराचा हात बघ,” ते म्हणाले. आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडायला लागले. मामांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मामी शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी समजूत घातली नाही, टोमणाही मारला नाही.

मामांच्या मनानं घेतलं की हे दादाला सांगायलाच हवं, आणि तोंडानं सांगायला हवं. फोनवर नको. मामींनी अडवून बघितलं. “आता जुनं उकरून काय मिळणार?” पण मामा हट्टाला पेटले. एकट्याला कसं सोडायचं म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले.

दादाचं ऑफिस म्हणजे गोदामाच्या तोंडाशी पार्टिशन टाकून केलेली खोली. बाहेर ट्रक लागत होते, हमाल खोकी उतरवत होते. दादाचे केस पांढरे व्हायला लागले होते, नाकावर चष्मा, बोटांना कार्बनची निळी शाई. बापाला अचानक दारात बघून तो घाबरलाच. “आईला काही झालं का?”

“आई ठीक आहे. बस. मला बोलायचंय तुझ्याशी.”

दादानं चहा मागवला. मामांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, “ते टेबल. टेबल बरोबर होतं. जमीन खचलेली होती, मी पाइप टाकला होता तिथे. माझंच काम कच्चं होतं. तू फिरवून बघू या म्हणालास, मी ऐकलं नाही. तुझं टेबल सरळ होतं रे.”

दादानं विचारलं, “कुठला कोपरा?”

“खिडकीच्या डाव्या हाताला.”

“म्हणजे मागचा डावा पाय खळग्यात होता.” तो स्वतःशीच बोलत होता. टेबलावर त्यानं बोटानं एक चौकोन काढला. “आणि तो आखूड समजून तुम्ही बाकीचे कापत गेलात.”

“हो.”

बाहेर कोणीतरी ट्रकचा फाळका धाडकन पाडला. दादानं चष्मा काढला.

“बाबा, मला वाटायचं माझ्याच हातात दोष आहे. सरांनी मार्क दिले ते दयेनं दिले असतील असं वाटायचं. तुमचा डोळा कधी चुकत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. मीही म्हणायचो.”

“चुकला,” मामा म्हणाले.

“मला जमत नव्हतं म्हणून मी सोडलं, हे मी कधीच पचवलं होतं. त्याचा त्रास नव्हता आता काही.” तो थांबला. त्याचा आवाज चढला नव्हता. “आता तुम्ही सांगताय की मला जमत होतं. आता मी काय करू त्याचं? कशाला सांगितलंत, बाबा?”

मामा म्हणाले, “मला राहवलं नाही.”

“हो,” दादा म्हणाला. “तेव्हाही नव्हतं राहवलं.”

एक ड्रायव्हर सही घ्यायला आला. दादानं चष्मा घातला, सही केली. मग तो आम्हाला घरी घेऊन गेला, जेवू घातलं, दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून दिलं. बस सुटताना त्यानं खिडकीतून बापाच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, “तुझी मामी म्हणत होती तेच बरोबर. मी माझं ओझं उतरवायला गेलो आणि त्याच्या डोक्यावर देऊन आलो.” मला वाटतं, ते खरं होतं. पण न सांगणं तरी बरं झालं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी आल्यावर मामांनी खिडकीखालचं सिमेंट फोडलं आणि या वेळी गवंड्याला बोलावलं. गवंडी काम करत असताना ते खुर्चीत बसून होते. टेबलाच्या पायांना जोड द्यायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण ते म्हणाले, “त्याच्या वस्तूला मी पुन्हा हात लावणार नाही.”

नंतर बरेच महिने दादाचा फोन आईलाच असायचा. “बाबांना विचारलंय म्हणून सांग,” एवढंच. मग मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि दादा रजा काढून आला. घरात मामी पट्टी बांधून पडलेल्या, त्यामुळे बापलेकांनाच स्वयंपाक, भांडी, सगळं एकत्र करावं लागलं. पहिले दिवस ‘मीठ कुठेय’, ‘गॅस बंद केला का’ यापलीकडे बोलणं नव्हतं.

मी एका दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा दोघं आतल्या खोलीत त्या टेबलाशी बसले होते. गुडघे बाहेर काढून, तिरके. दादा तिथे बसलेला मी पहिल्यांदाच बघितला. मामांनी पाय आणि चौकट जिथे मिळते तिथे बोट ठेवलं होतं.

“हे आतून कसं बसवलंस? खिळा नाही, स्क्रू नाही. मला लोखंडातलं कळतं, यातलं नाही कळत. सांगशील?”

दादानं आधी टाळलं. “जुनं झालं ते, बाबा.” मामा बोट न हलवता बसून राहिले. मग दादानं वर्तमानपत्र ओढलं, कानामागे पेन्सिल होती तिनं त्याच्या कडेला रेघा मारल्या. “या लाकडाला अशी जीभ काढायची. यात तेवढंच भोक. जीभ किंचित जाड ठेवायची, म्हणजे ठोकून बसते. आणि भोक आत जाताना…” तो भराभर बोलत होता. इतकं सलग बोलताना मी त्याला लहानपणीही ऐकलं नव्हतं. मामा एकेका वाक्याला मान हलवत होते, मध्येच विचारत होते, “आणि फुगलं तर?” आणि दादा म्हणत होता, “फुगणारच, त्याची जागा ठेवायची असते ना. त्यासाठी इथे एक…”

तो थांबला. पेन्सिल कागदावर टेकलेली. त्यानं एक रेघ ओढली, तिच्यावर काट मारली, दुसरी ओढली. टेबलाखाली वाकून सांध्याकडे बघितलं, अंगठ्यानं चाचपलं. पुन्हा वर येऊन कागदाकडे बघत राहिला.

“पुढचं आठवत नाही,” तो म्हणाला. “मी केलंय हे, पण कसं केलं ते नाही आठवत.”

“असू दे,” मामा म्हणाले. “असू दे रे.”

बाहेरच्या खोलीतून मामींनी हाक मारली. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. दादा पेन्सिल ठेवून उठला, आणि मामा त्या अर्धवट चित्राकडे बघत बसून राहिले.